तांबडा दिवा खरे बोलतो का?

मोटारीच्या चालकासमोर जी फळी असते तिला आपण डॅशबोर्ड म्हणतो. तिच्यावर वेगाचा काटा असतो, इंधनाचा काटा असतो आणि त्यांच्या शेजारी तीन-चार लहान तांबडे दिवे असतात. एक वंगणाच्या तेलाचा, एक बॅटरीच्या चार्जिंगचा, एक ब्रेकचा. गाडी ठीक चालली असेल तर हे दिवे विझलेले असतात. एखादा पेटला की काहीतरी बिघडले, हे लहान मूलही ओळखते. परंतु जुन्या गाडीत कधीकधी असे होते, की इंजिन अगदी ठणठणीत असते आणि दिवा मात्र विझायचे नाव घेत नाही. मग चालक म्हणतो, "तो दिवा असाच लागतो, तिकडे लक्ष देऊ नका."

चालकाचे म्हणणे बरोबर असेल तर काही बिघडत नाही. पण ते चूक असेल तर काही मिनिटांत इंजिन निकामी होऊ शकते. आणि दिवा ब्रेकचा असेल तर प्रश्न इंजिनाचा न राहता आत बसलेल्या माणसांचा होतो. म्हणून या लेखात आपण एकाच प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत : दिवा खोटा आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो? त्यासाठी ओहमचा नियम आणि थोडा संयम एवढे भांडवल पुरेसे आहे.

उदाहरणासाठी एखादी जुनी व्हॅन डोळ्यांसमोर आणा. महाराष्ट्रात एके काळी व्हॅन म्हटले की आकुर्डीच्या बजाज टेंपो कारखान्यातील मॅटॅडोर आठवे. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली. तिलाच पुढे ओम्नी हे नाव मिळाले. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. शाळेच्या मुलांची ने-आण करण्यासाठी अशा व्हॅन गावोगावी वापरल्या गेल्या. जुन्या व्हॅनमधील इशाऱ्याचे दिवे साध्या तारांनी जोडलेले असतात. मध्ये संगणक नसतो. त्यामुळे अभ्यासाला त्या फार सोयीच्या आहेत.

दिव्यामागचे मंडल

कागद-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर आकृती काढा. डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी. तिच्या धन टोकापासून तार निघते ती किल्लीच्या स्विचपर्यंत. तेथून फ्यूजमधून दिव्यापर्यंत. दिव्याच्या दुसऱ्या टोकापासून एक तार इंजिनावर बसवलेल्या एका छोट्या स्विचपर्यंत जाते. हा तेलाच्या दाबाचा स्विच. या स्विचचे दुसरे टोक म्हणजे त्याचे धातूचे अंगच; ते इंजिनात आट्यांनी घट्ट बसलेले असते. इंजिन, गाडीचा सांगाडा आणि बॅटरीचे ऋण टोक हे सारे एकमेकांना जोडलेले असतात. म्हणजे परतीची तार वेगळी नाहीच. गाडीचे लोखंड हीच परतीची तार. गॅरेजमध्ये याला 'अर्थ' किंवा 'बॉडी' म्हणतात.

आता स्विचच्या पोटात डोकावू या. आत एक पातळ पडदा असतो आणि त्याच्यावर एक स्प्रिंग. इंजिन बंद असते तेव्हा तेलाला दाब नसतो. स्प्रिंग संपर्क जोडून ठेवते. किल्ली फिरवली की मंडल पूर्ण होते आणि दिवा लागतो. इंजिन सुरू झाले की तेलाचा पंप फिरतो, तेल पडद्याला ढकलते, संपर्क सुटतो, मंडल तुटते आणि दिवा विझतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. किल्ली फिरवताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, दिवा लागलाच पाहिजे. ती दिव्याची हजेरी आहे. बल्ब, फ्यूज, तार आणि स्विच हे सारे जागेवर आहेत असे तो त्या क्षणी सांगतो. हजेरीला जो दिवा लागत नाही, त्याच्या पुढील मौनाला काहीच अर्थ नाही.

दिवा नेमके काय सांगतो?

'तेल कमी आहे' असे दिवा सांगतो, असा बहुतेकांचा समज असतो. पण आकृती पुन्हा पाहा. दिव्याला तेल दिसत नाही. त्याचा तेलाशी थेट संबंधच नाही. तो एवढेच सांगतो, की माझ्यापुढील तारेतून विद्युत्प्रवाहाला गाडीच्या लोखंडापर्यंत वाट सापडली आहे. ती वाट तीन ठिकाणी तयार होऊ शकते.

पहिली, तेलाचा दाब खरोखरच नाही आणि स्विचने आपले काम चोख केले आहे. दुसरी, दाब आहे पण स्विचचा संपर्क आतल्या आत चिकटला आहे. तिसरी, स्विचकडे जाणाऱ्या तारेचे वेष्टन कोठेतरी घासून निघाले आहे आणि उघडे तांबे लोखंडाला टेकले आहे. तिन्ही प्रसंगी दिवा सारख्याच तेजाने पेटतो. दिव्याकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी यांतले कोणते कारण खरे ते कळणार नाही.

दिवा आपल्या मंडलाबद्दल बोलतो, यंत्राबद्दल नव्हे, हे विसरल्याने मोठमोठ्या ठिकाणी अनर्थ झाले आहेत. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकून राहिली. नियंत्रण कक्षातील तिचा दिवा मात्र विझला, कारण झडप बंद करण्याची विद्युत आज्ञा गेली आहे एवढेच तो दाखवत होता. झडप प्रत्यक्षात बंद झाली की नाही, हे नव्हे. ती बंद आहे असे समजून कर्मचारी काम करीत राहिले, थंड करणारे पाणी निसटत राहिले आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळला.

आधी सुरक्षा, मग संशोधन

चालत्या गाडीत तेलाचा दिवा लागला, तर तो खरा की खोटा यावर चर्चा करण्याची ती वेळ नव्हे. गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. कारण सोपे आहे. इंजिनातील फिरता दांडा आणि त्याचे धारवे यांच्यामधील फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते. त्या फटीत दाबाने आलेला तेलाचा थर दोन धातूंना अलग ठेवतो. थर नाहीसा झाला, की मिनिटाला हजारो फेऱ्या घेणारा दांडा धातूवर धातू घासतो, तापतो आणि शेवटी अडकतो.

आता दोन प्रकारच्या चुकांची तुलना करा. खोटा इशारा खरा मानला, तर थोडा वेळ वाया जातो. खरा इशारा खोटा मानला, तर इंजिन जाते. दोन चुकांची किंमत इतकी विषम असताना संशयाचा फायदा नेहमी दिव्याला द्यावा, इंजिनाला नव्हे.

दोष शोधण्याची रीत

पायरी पहिली. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून तेल खाली उतरू द्या आणि तेलाची पातळी मोजण्याची पट्टी पुसून पुन्हा घालून पाहा. पातळी कमी असेल तर शोध तूर्त संपला. पातळी ठीक असेल, तर 'तेल आहे म्हणजे दिवा खोटा' असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. पातळी वेगळी आणि दाब वेगळा. विहीर तुडुंब भरलेली असली तरी पंप बंद असेल तर शेताला पाणी मिळत नाही.

पायरी दुसरी. इंजिन बंदच ठेवून किल्ली फिरवा. दिवा लागेल. आता मिस्त्रींना स्विचवरची तार काढायला सांगा आणि तिचे टोक कोठेही न टेकवता हवेत धरा. दोनच गोष्टी संभवतात. दिवा विझला, तर तार निर्दोष आहे. दिवा तसाच राहिला, तर प्रवाहाला स्विचशिवाय दुसरी वाट मिळाली आहे. तार कोठेतरी बॉडीला लागली आहे.

पायरी तिसरी. समजा दिवा विझला. मग दोषी कोण, स्विच की खरोखर कमी असलेला दाब? येथे दिव्याला पुन्हा विचारून उपयोग नाही. स्वतंत्र साक्षीदार हवा. मिस्त्री स्विच काढून त्याच छिद्रात दाबमापक बसवतात आणि थोडा वेळ इंजिन चालवून काटा पाहतात. दाब पुरेसा असेल तर स्विच बदलावा. दाब नसेल तर दिवा खरे बोलत होता.

पायरी चौथी फार जण विसरतात. समजा दुसऱ्या पायरीत दिवा विझला नाही आणि तार बॉडीला लागल्याचे सिद्ध झाले. यावरून तेलाचा दाब ठीक आहे हे सिद्ध झाले का? मुळीच नाही. साक्षीदार खोटा निघाला म्हणजे आरोपी निर्दोष ठरला असे होत नाही. तार दुरुस्त करा, किल्ली फिरवून दिव्याची हजेरी घ्या, मग इंजिन सुरू करा. आता दिवा विझला, तरच त्याच्या विझण्याला अर्थ आहे.

दुरुस्ती न करता दिवा तसाच पेटता ठेवून गाडी चालवणे का धोक्याचे, तेही यातून कळते. जो दिवा कधी विझतच नाही, तो इशारा देऊच शकत नाही. उद्या खरोखर दाब गेला तर चालकाला काहीही नवीन दिसणार नाही.

अर्ध्या-अर्ध्याने शोध

तार घासलेली जागा कशी शोधावी? सारी तार उघडून पाहणे हा एक मार्ग. पण तारेच्या मध्ये जोड असतात, त्यांचा उपयोग करा. साधारण मध्यावरचा जोड सोडवा आणि दिवा पाहा. दिवा विझला, तर दोष जोडापलीकडे, इंजिनाच्या बाजूला आहे. दिवा तसाच राहिला, तर तो अलीकडे, डॅशबोर्डच्या बाजूला आहे. एका निरीक्षणात अर्धी तार निर्दोष सुटली! उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करा. तारेचे सोळा तुकडे मानले, तर चार निरीक्षणांत दोषी तुकडा सापडतो. कारण दोनाचा चौथा घात सोळा. पण एका वेळी एकच गोष्ट बदलावी. जोड हलवला, बल्बही बदलला आणि दिवा विझला, तर तो कशामुळे विझला हे कधीच कळणार नाही.

पावसाळ्यातला अंधूक दिवा

कोल्हापूरकरांना पाऊस नवा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा असंख्य वाहने पाण्यात उभी होती. पुराचे पाणी शुद्ध नसते. त्यात क्षार आणि गाळ असतो, म्हणून ते वीज वाहून नेते. जोडांत शिरलेला ओलावा आणि गंज पुढे कित्येक महिने विचित्र खोड्या करतो.

हिशेब करून पाहू. समजा दिव्याचा बल्ब १२ व्होल्ट, १.२ वॅटचा आहे. मग त्यातून ०.१ अँपिअर प्रवाह जातो आणि पेटलेल्या तंतूचा रोध १२० ओहम असतो. ओल्या जोडातून बॉडीपर्यंत १००० ओहमांची गळती झाली असे माना. थंड तंतूचा रोध १२० ओहमांहून कितीतरी कमी, म्हणजे १००० पुढे नगण्य. प्रवाह सुमारे ०.०१२ अँपिअर होईल. नेहमीच्या प्रवाहाचा हा जेमतेम आठवा भाग. तंतू काळाच राहील. गळती आहे, पण दिवा गप्प.

आता कोणी हौसेने जुना बल्ब काढून त्या जागी एलईडी दिवा बसवला. त्याच्याशी एकसरीत १००० ओहमांचा रोध आहे आणि एलईडीवर सुमारे २ व्होल्ट लागतात असे धरा. उरलेले १० व्होल्ट आणि एकूण रोध २००० ओहम, प्रवाह ०.००५ अँपिअर. एवढ्याने एलईडी सहज दिसेल इतका उजळतो! गळती तीच, तेलाचा दाब तोच. फक्त साक्षीदार अधिक हळवा झाला. जो दिवा पूर्ण तेजाने न लागता अंधूक लागतो, तो बहुधा संपर्क जोडला गेल्याचे नव्हे, तर वाटेतील एखाद्या रोधाचे लक्षण असतो.

चार्जिंगचा दिवा : फरक पाहणारा डोळा

चार्जिंगच्या दिव्याची रचना निराळी आहे. जुन्या गाड्यांत त्याचे एक टोक किल्लीमार्गे बॅटरीला आणि दुसरे अल्टरनेटरला, म्हणजे वीज निर्माण करणाऱ्या यंत्राला जोडलेले असते. इंजिन बंद असताना अल्टरनेटरकडील टोकाचे विभव जवळजवळ शून्य असते, म्हणून दिवा लागतो. इंजिन सुरू झाले की तेथे सुमारे १४ व्होल्ट येतात आणि बॅटरीकडेही तेवढेच असतात. दोन्ही टोकांचे विभव समान, विभवांतर शून्य, प्रवाह शून्य. दिवा विझतो. गंमत पाहा : दिव्याच्या दोन्ही बाजूंना १४ व्होल्ट आहेत, तरी तो विझलेला आहे!

समजा रात्री मोठे दिवे आणि वायपर लावल्यावर हा दिवा तांबूस, अंधूक लुकलुकतो. दिवसा काही दिसत नाही. अल्टरनेटर तपासला तर उत्तम. मग दोष कोठे? किल्लीच्या स्विचमधील संपर्कावर गंज चढून तेथे ०.१ ओहमचा रोध झाला आहे आणि त्या संपर्कातून २० अँपिअर जात आहेत असे माना. तेथे २० × ०.१ = २ व्होल्ट खर्च होतात. दिव्याच्या एका टोकाला १४ आणि दुसऱ्याला १२ व्होल्ट. हे २ व्होल्टचे विभवांतर तंतूला अंधारात दिसेल इतके तापवते.

म्हणजे इशारा खोटा? अल्टरनेटरपुरता खोटा. पण त्या संपर्कात किती उष्णता निर्माण होते पाहा : प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ४०० × ०.१ = ४० वॅट. एखाद्या डाग देण्याच्या लोखंडाएवढी उष्णता डॅशबोर्डच्या आत, प्लॅस्टिकच्या शेजारी! जुन्या गाडीतला 'खोटा' इशारा पुष्कळदा दुसऱ्याच एखाद्या खऱ्या दोषाबद्दल बोलत असतो, तो असा.

धक्का की वळण?

लुकलुकणारा दिवा केव्हा लुकलुकतो याची नोंद ठेवा. खड्ड्यांतून जाताना लुकलुकत असेल, तर सैल जोडाचा संशय घ्यावा. पण पन्हाळ्याची चढण किंवा गगनबावड्याचा घाट उतरताना नेमका वळणावर लुकलुकत असेल, तर सावध व्हा. वळणावर द्रव एका बाजूला सरकतो. तेल कमी असेल तर पंपाचे तोंड क्षणभर उघडे पडते. ब्रेकच्या तेलाच्या डबीत एक तरंगता स्विच असतो. पातळी हद्दीपर्यंत उतरली असेल तर तोही वळणावर क्षणभर खाली जातो. "कधीकधीच लागतो, म्हणजे खोटा," असे येथे म्हणणे घातक ठरेल. तो सीमारेषेवरचा खरा इशारा आहे.

ब्रेकच्या दिव्याला बहुधा हँडब्रेकचा स्विचही समांतर जोडणीत असतो. दोहोंपैकी कोणताही एक जोडला गेला की दिवा लागतो. म्हणून प्रथम हँडब्रेक पूर्ण सोडला आहे का ते पाहावे. मग डबीतील पातळी.

आणि दिव्याचाच शोध घेण्यात इतके गुंगूनही जाऊ नये, की गाडीचा विसर पडावा. २९ डिसेंबर १९७२ रोजी ईस्टर्न एअर लाइन्सचे एक विमान मायामीला उतरत होते. पुढचे चाक खाली आल्याचा हिरवा दिवा लागला नाही. सारे वैमानिक त्या दिव्यात गुंतले. तेवढ्यात विमानाची उंची राखणारी स्वयंचलित व्यवस्था सुटली आणि ते हळूहळू खाली जात असल्याचे कोणाच्याही वेळेत लक्षात आले नाही. विमान दलदलीत कोसळले. १७६ पैकी १०१ जण मृत्युमुखी पडले. तपासात आढळले, की चाक व्यवस्थित खाली आले होते. दिव्यातले बल्ब तेवढे गेले होते.

करून पाहा

दोन प्लॅस्टिकच्या सिरिंज सुईविना घ्या. त्यांत पाणी भरून त्या बारीक नळीने जोडा. एक दाबली की दुसरीचा दट्ट्या वर येतो. हा पास्कलचा नियम. त्या दट्ट्याने पत्र्याची एक पट्टी टाचणीवरून उचलली जाईल अशी मांडणी करा. दोन कोरडे घट, ३ व्होल्टचा बल्ब आणि ही पट्टी एकसरीत जोडा. परतीच्या तारेऐवजी बिस्किटाच्या डब्याचे झाकण वापरा. जोडाच्या जागी रंग खरवडून काढा. दाब दिला की दिवा विझला पाहिजे.

शिक्षकांनी आता मुलांच्या नकळत एक दोष निर्माण करावा : तार झाकणाला टेकवावी, पट्टी अडकवावी किंवा नळीतून पाणी गळू द्यावे. मुलांनी प्रत्येक निरीक्षणानंतर वहीत दोन वाक्ये लिहावीत : 'यावरून काय सिद्ध झाले' आणि 'काय सिद्ध झाले नाही'. दुसरे वाक्य अधिक महत्त्वाचे. प्रयोगासाठी मोटारीची बॅटरी मुळीच वापरू नये. तिची दोन टोके चुकून पान्याने जोडली गेली तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि गंभीर इजा होते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एखाद्या जाणत्या मिस्त्रींना दोष शोधताना पाहण्याची संधी मिळाली, तर त्यांचे हात पाहा. ते कदाचित ओहमचे नाव घेणार नाहीत. पण एक तार काढतील, थांबतील, दिव्याकडे पाहतील, मगच दुसरी काढतील. प्रयोगशाळेत याहून वेगळे काही चालत नाही.

विचार करा

१. इंजिनावरचा स्विच दाब सुमारे अर्ध्या वातावरणाएवढा झाला की उघडतो आणि जोराने चालणाऱ्या इंजिनाला मात्र तीन-चार वातावरणांचा दाब हवा असतो, असे माना. मग विझलेला दिवा 'दाब पुरेसा आहे' असे सांगतो का?

२. दाब असताना संपर्क जुळून हिरवा दिवा लागेल, अशी उलट रचना केली, तर तार तुटल्यास काय दिसेल? तार बॉडीला लागल्यास काय दिसेल? दोन्ही रचनांत कोणता दोष अधिक धोक्याचा ते ठरवा.

३. तुमच्या घरात किंवा शाळेत, 'ते असेच वाजते' किंवा 'तो दिवा असाच लागतो' म्हणून दुर्लक्षित झालेला एखादा इशारा आहे का? तो खोटा आहे हे कोणी, कोणत्या स्वतंत्र पुराव्याने ठरवले, ते विचारून पाहा.